तारेविना लोकल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर तोच व्हिडिओ पाठवतं. निळी चकचकीत गाडी, हिरवीगार शेतं आणि खाली ओळ: ‘पाण्यावर चालणारी ट्रेन! आपल्याकडे कधी?’ ती गाडी पाण्यावर चालत नाही आणि ‘कधी’ या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही. मी डोंबिवलीत वाढलो. त्यामुळे लोकल म्हटलं की रुळांआधी डोक्यावरची तार आठवते. ती तार न ओढता, डिझेलही न जाळता उपनगरी गाडी चालवता येते का, याबद्दल लोक जे जे विचारतात त्याची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

ओव्हरहेड वायर एवढी चांगली असेल, तर पर्याय शोधायचाच कशाला?

चांगली आहे, यात वादच नाही. गाडीला स्वतःचं इंधन वाहून न्यावं लागत नाही, हवा तेवढा जोर वरून मिळतो, ब्रेक लावला की वीज परत तारेत जाते. कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्को ते सॅन होजे या ८२ किलोमीटरच्या मार्गावर सप्टेंबर २०२४ मध्ये डिझेल इंजिनं जाऊन विजेच्या गाड्या आल्या. सगळीकडे थांबणाऱ्या गाडीला आधी १०० मिनिटं लागायची, आता ७५ लागतात. रूळ तेच, स्टेशनं तीच, फक्त थांबून सुटतानाचा दम वाढला. लोकलचं सगळं गणित या सुटण्यातच असतं.

पण त्या कामाला २.४४ अब्ज डॉलर लागले. ब्रिटनमध्ये ग्रेट वेस्टर्न मार्गावर तारा टाकायचा अंदाज २०१३ मध्ये ८७ कोटी पौंडांचा होता, तो २०१५ मध्ये २८० कोटींवर गेला आणि पुढच्या वर्षी ऑक्सफर्ड, ब्रिस्टल टेम्पल मीड्स असे तुकडे लांबणीवर टाकावे लागले. याच्या शेजारी आपली कोकण रेल्वे ठेवून बघा: ७४१ किलोमीटर, ढिगाने बोगदे, आणि २०२२ मध्ये पूर्ण झालेल्या विद्युतीकरणाचा खर्च १,२८७ कोटी रुपये. म्हणजे किलोमीटरला पावणेदोन कोटींच्या आसपास. त्यामुळे ‘तार महाग’ हे वाक्य देश बघून बोलावं. युरोप-अमेरिकेत जे पर्याय शोधले जातात, त्यांचं निम्मं कारण तिथल्या कामाच्या खर्चात आहे.

उरलेलं निम्मं कारण पुलांमध्ये आहे. २५,००० व्होल्टच्या तारेला वर मोकळी जागा लागते आणि शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचे पूल ती ठेवून बांधलेले नाहीत. मुंबईकरांना हे सांगायला नको. सँडहर्स्ट रोडजवळचा हँकॉक पूल जानेवारी २०१६ मध्ये पाडला, त्यामागे मोडकळीबरोबर तारेखाली अपुरी पडणारी उंची हेही कारण होतं. असा एक पूल पाडायला मेगाब्लॉक, पर्यायी रस्ता, पाण्याच्या आणि विजेच्या वाहिन्या, कोर्टकचेरी हे सगळं आलं. ज्या मार्गावर असे चाळीस पूल आहेत आणि तासाला दोन डब्यांची एकच गाडी जाते, तिथे हिशोब बसत नाही.

बॅटरीवरची लोकल म्हणजे नेमकं काय? मोबाइलसारखी रात्रभर चार्ज करून दिवसभर चालवतात का?

नाही, आणि हाच सगळ्यात मोठा गैरसमज आहे. आजची बॅटरी लोकल ही मुळात तारेवरचीच लोकल असते. तिला पेंटोग्राफ, म्हणजे छपरावरून तारेला टेकून वीज घेणारा सांगाडा, असतो. तार असेल तिथे ती तारेवर चालते आणि चालता चालता बॅटरी भरून घेते. तार संपली की पेंटोग्राफ खाली आणि पुढचा प्रवास बॅटरीवर.

याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण जपानचं आहे. टोकियोच्या उत्तरेला उत्सुनोमिया शहर आहे. तिथून सुटणारी दोन डब्यांची ‘अ‍ॅक्युम’ गाडी होशाकुजीपर्यंत मुख्य मार्गावर १,५०० व्होल्ट डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेच्या) तारेखाली जाते. आपल्या मुंबईच्या लोकलनेही १९२५ पासून याच व्होल्टेजवर जवळपास नव्वद वर्षं काढली. होशाकुजीला फाटा फुटतो आणि कारासुयामापर्यंतच्या २०.४ किलोमीटरच्या शाखेवर तार नाही. मार्च २०१४ पासून ही गाडी तो टप्पा बॅटरीवर जाते. शेवटच्या स्टेशनात फलाटाजवळ काही मीटर लांबीची, वर टांगलेली एक ताठ धातूची पट्टी आहे. गाडी बरोबर तिच्याखाली थांबते, पेंटोग्राफ वर येऊन पट्टीला टेकतो, प्रवासी चढेपर्यंत बॅटरी भरते, पेंटोग्राफ खाली, गाडी परत. अख्ख्या शाखेवर विजेची सामग्री म्हणाल तर एवढीच.

ती पट्टी का, साधी तार का नाही? चालत्या गाडीचा पेंटोग्राफ तारेवर सतत नव्या जागी घासत असतो, त्यामुळे तापलेली जागा मागे पडून थंड होते. उभ्या गाडीत सगळा प्रवाह एकाच बिंदूतून जातो. तांबं तिथे तापून मऊ होतं, आणि तार तर ताणलेलीच असते. पुढे काय होतं ते ‘ओव्हरहेड वायर तुटल्यामुळे’ ने सुरू होणाऱ्या घोषणा ऐकलेल्यांना माहीत आहे. व्होल्टेज जितकं कमी तितका तेवढ्याच शक्तीला प्रवाह जास्त, म्हणून १,५०० व्होल्टवर हा प्रश्न जास्त बोचतो.

जपानच्याच फुकुओका प्रांतातही २०१६ पासून अशाच गाड्या आहेत. तिथल्या तारेत एसी, म्हणजे दिशा बदलत वाहणारी वीज आहे. गाडीचं नाव ‘डेंचा’, म्हणजे विजेच्या गाडीला जपानीत जो शब्द आहे त्यावर केलेला श्लेष. जपानी रेल्वेवाले नावं ठेवण्यात हौशी.

मध्येच बॅटरी संपली तर?

तशी वेळ येऊ नये म्हणून गाडी मुद्दाम ‘जास्तीची’ घेतात. उत्तर जर्मनीतल्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने ५५ बॅटरी गाड्या घेतल्या आणि ऑक्टोबर २०२३ पासून त्या टप्प्याटप्प्याने रुळावर आल्या. करारात पल्ला ८० किलोमीटरचा आहे. याच जातीची गाडी डिसेंबर २०२१ मध्ये चाचणीत एका चार्जवर २२४ किलोमीटर गेली होती. या दोन आकड्यांमधला फरक म्हणजे हिवाळा, हीटर, गर्दी, सिग्नलला खोळंबा, सात-आठ वर्षांनी म्हातारी झालेली बॅटरी आणि पूर्ण रिकामी होऊ न देण्याचा नियम. जाहिरातीतला मोठा आकडा विक्रमाचा असतो. वेळापत्रक छोट्या आकड्यावर आखायचं असतं. नवी इलेक्ट्रिक स्कूटर घेऊन फसलेल्यांना हे वेगळं समजवावं लागत नाही.

उष्ण प्रदेशात हीटरच्या जागी गारवा देणारं यंत्र येतं, आणि दर दोन मिनिटांनी दारं उघडणाऱ्या गाडीत ते खूप वीज खातं.

बॅटरी गाडी हे नवं फॅड आहे का?

फॅड म्हणायला हरकत नाही, पण ते शंभर वर्षांचं आहे. जर्मनीत १९०७ पासून बॅटरीवरचे डबे धावत होते. दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम जर्मनीने ‘ईटीए १५०’ नावाचे दोनशेहून जास्त डबे बांधले. शिशाच्या बॅटऱ्या, आपल्या इन्व्हर्टरखाली असते त्याच जातीच्या, फक्त टनावारी. प्रवाशांना ते आवडायचे कारण आवाज नव्हता. शेवटचे डबे १९९५ मध्ये निघाले, म्हणजे चाळीस वर्षं चालले.

त्याआधी आयर्लंडमध्ये जेम्स ड्रम या रसायनशास्त्रज्ञाने स्वतःची निकेल-झिंक बॅटरी बनवली आणि तिच्यावरच्या गाड्या १९३२ पासून डब्लिन ते ब्रे या उपनगरी मार्गावर धावल्या. आयर्लंडमध्ये कोळसा मिळायची मारामार होती आणि शॅनन नदीवरची जलविद्युत नुकती सुरू झाली होती, हे त्यामागचं साधं कारण. १९४९ मध्ये त्या बंद पडल्या. गंमत अशी की आता तोच डब्लिन आपल्या उत्तरेकडच्या ड्रॉएडा मार्गासाठी पुन्हा बॅटरी लोकल घेतोय.

हायड्रोजन गाडी कशी चालते? धुराऐवजी फक्त वाफ येते, हे खरं का?

गाडीपुरतं खरं आहे. छपरावरच्या टाक्यांत दाबाखालचा हायड्रोजन असतो. फ्युएल सेलमध्ये तो हवेतल्या ऑक्सिजनशी मिळतो, वीज तयार होते आणि पाणी बाहेर पडतं. त्या विजेवर मोटर चालते. व्हिडिओत ज्याला ‘पाण्यावर चालणारी’ म्हणतात, त्या गाडीतून पाणी बाहेर येतं, आत जात नाही.

फारसं सांगितलं जात नाही ते हे: प्रत्येक हायड्रोजन गाडीत बॅटरीही असते. फ्युएल सेल एका लयीत चालायला बरा. स्टेशनातून सुटताना लागणारा जोर आणि ब्रेक लावल्यावर परत मिळणारी वीज हे दोन्ही बॅटरीच सांभाळते. म्हणजे हायड्रोजन गाडी ही बॅटरी गाडीच आहे, फक्त तिच्या पाठीवर एक छोटा वीजकारखाना आणि गॅसच्या टाक्या बसवल्या आहेत. त्यामुळे बिघडायच्या गोष्टीही तेवढ्याच जास्त.

टाक्यांबद्दल एक आकडा लक्षात ठेवा. वजनाच्या हिशोबात हायड्रोजन राजा आहे, किलोमागे ३३ किलोवॅटतास, म्हणजे वीजबिलातले ३३ युनिट. पण जागेच्या हिशोबात गरीब. ३५० बारच्या दाबाखालीसुद्धा एक लिटर टाकीत पाऊण-एक किलोवॅटतासाहून जास्त ऊर्जा मावत नाही. एक लिटर डिझेलमध्ये ती दहा असते. लोकलमध्ये जागा म्हणजे माणसं.

मग जर्मनीत हायड्रोजन गाड्यांचं काय झालं? त्या तर यशस्वी आहेत ना?

व्हिडिओ बहुतेक वेळा सप्टेंबर २०१८ चा असतो. त्या महिन्यात लोअर सॅक्सनी राज्यात बुक्सटेहूडे–ब्रेमरफ्योर्डे–ब्रेमरहाफेन–कुक्सहाफेन मार्गावर अल्स्टॉम कंपनीच्या दोन ‘आयलिंट’ गाड्या प्रवाशांसाठी सुरू झाल्या. जगातल्या पहिल्या. २०२२ मध्ये १४ गाड्यांचा ताफा आला, त्याच वर्षी यातली एक गाडी एकदा टाकी भरून १,१७५ किलोमीटर गेली. इथवरची गोष्ट सगळे पुढे पाठवतात.

पुढची गोष्ट कुणी पाठवत नाही. याच राज्याच्या रेल्वे संस्थेने २०२३ मध्ये जाहीर केलं की यापुढे हायड्रोजन गाड्या घेणार नाही, बॅटरी गाड्या चालवायला स्वस्त पडतात. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याने आपल्या मार्गांचा अभ्यास करून घेतला. त्यात तीस वर्षांच्या हिशोबात हायड्रोजन इतर पर्यायांपेक्षा ८० टक्क्यांपर्यंत महाग निघाला, म्हणून २०२२ मध्ये तो बाद केला. आता त्याच राज्यात ओफेनबुर्गच्या परिसरात एप्रिल २०२४ पासून २७ बॅटरी गाड्या धावतात.

फ्रँकफर्टच्या बाजूला टाउनुसच्या टेकड्यांत मात्र खरी परीक्षा झाली. ती खऱ्या अर्थाने लोकल आहे, सकाळी शहरात कामाला जाणाऱ्यांची. २७ गाड्या, इंधन आणि देखभालीसकट सुमारे ५० कोटी युरोंचा करार, जवळच्या होएक्स्ट औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखान्यातून निघणारा हायड्रोजन हाताशी. कागदावर याहून चांगली जागा मिळणार नाही. डिसेंबर २०२२ मध्ये सेवा सुरू झाली तेव्हा सगळ्या गाड्या आल्याच नव्हत्या. आलेल्या बंद पडत होत्या. बस लावाव्या लागल्या, डिझेल गाड्या भाड्याने आणाव्या लागल्या. २०२५ मध्ये फ्युएल सेलचे सुटे भाग मिळेनात, तेव्हा लोअर सॅक्सनीतल्या गाड्याही मोठ्या संख्येने उभ्या राहिल्या आणि तिथेही डिझेल परतलं.

यात रसायनशास्त्राचा दोष नाही. फ्युएल सेल चालतो. पण लोकल चालवणं म्हणजे रोज पहाटे ठरलेल्या संख्येने गाड्या कारशेडबाहेर काढणं. त्यासाठी सुट्या भागांचं कपाट भरलेलं लागतं, दुरुस्ती येणारे वीस हात लागतात, दुसऱ्या कंपनीचा पर्यायी भाग लागतो. तारेवरच्या गाडीमागे हे सगळं शंभर वर्षांचं आहे.

विजेचा हिशोब काय सांगतो?

समजा पवनचक्कीतून १०० युनिट वीज मिळाली. तारेतून दिली तर चाकाला साधारण ७५-८० पोचतात. बॅटरीतून फिरवून दिली तर ६५-७०. त्याच विजेने पाण्यातून हायड्रोजन काढला, दाबला, वाहून नेला आणि फ्युएल सेलमध्ये त्याची परत वीज केली, तर २५-३०. थोडा इकडेतिकडे फरक पडेल, क्रम बदलणार नाही.

आणि वीज कोळशाची असेल तर? मग सगळंच ढोंग नाही का?

चांगला प्रश्न, आणि उत्तर पर्यायागणिक वेगळं आहे. भारतात ग्रिडच्या एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड जातो. एक किलो हायड्रोजन पाण्यातून काढायला ५० युनिटांच्या वर लागतात, म्हणजे ग्रिडची वीज वापरली तर ३५ किलो कार्बन डायऑक्साइड. तेवढ्या हायड्रोजनने साधारण चार-साडेचार लिटर डिझेल वाचतं, ज्याच्या जळण्यातून बाराएक किलो निघाला असता. म्हणजे कोळशाच्या विजेचा हायड्रोजन डिझेलच्या जवळपास तिप्पट घाण करतो, फक्त धुराडं दुसऱ्या गावाला असतं. नैसर्गिक वायूपासून काढलेल्या हायड्रोजनमागे ९-१० किलो, म्हणजे डिझेलपेक्षा जेमतेम बरं.

तारेची किंवा बॅटरीची गाडी याच ग्रिडवर साधारण डिझेलच्या आसपास राहते, आणि ग्रिड जसजसं स्वच्छ होईल तसतशी गाडीला हात न लावता तीही स्वच्छ होते. शिवाय धूर फलाटावर निघत नाही. बंद छताच्या टर्मिनसमध्ये डिझेल इंजिन अर्धा तास घरघरत उभं असतं, तेव्हा त्याची किंमत नाकाला कळते.

‘तुकड्यांनी तार’ हा काय प्रकार आहे?

माझ्या मते या सगळ्या विषयातला हाच खरा गाभा आहे आणि याच्याकडेच सगळ्यात कमी लक्ष जातं. लोक ‘तार की बॅटरी’ असं विचारतात. विचारायला हवं, ‘तार किती आणि कुठे कुठे?’

वेल्समध्ये कार्डिफच्या उत्तरेला दऱ्याखोऱ्यांतून जाणाऱ्या उपनगरी शाखा आहेत: ट्रेहर्बर्ट, अ‍ॅबरडेअर, मर्थर टिडफिल. कोळशाच्या खाणींसाठी एकोणिसाव्या शतकात बांधलेल्या, कमी उंचीच्या पुलांनी भरलेल्या. तिथल्या वाहतूक यंत्रणेने डझनावारी पूल पाडायचं टाळलं. तार ओढली, पण अवघड पुलांखालचा तिचा तुकडा कायमचा जमिनीला जोडून टाकला, म्हणजे त्यात वीजच नाही. पेंटोग्राफ खालीवर करायची गरज नाही, तो तारेला टेकलेलाच राहतो. तेवढे काही मीटर गाडी बॅटरीवर घसरत जाते आणि पलीकडे पुन्हा २५,००० व्होल्टला लागते. ‘क्लास ७५६’ या गाड्या नोव्हेंबर २०२४ पासून तिथे धावतात. पूल तसाच, वरचा रस्ता तसाच, गावकऱ्यांचा मोर्चा नाही. हे ऐकल्यावर मला हँकॉक पुलाच्या शेजारी राहणारी, पूल गेल्यावर वर्षानुवर्षं वळसा घालणारी माणसं आठवली.

श्लेस्विग-होल्स्टाइनची पद्धत उलटी. तिथे मार्गावर तार नाहीच, पण काही स्टेशनांत तारेची ‘बेटं’ उभी केली आहेत. गाडी बेटावर येते, थांबते, भरून घेते, निघते. पूर्ण मार्गाच्या मानाने खर्च किरकोळ. आणि पुढे पैसे आले तर बेटं एकमेकांना जोडत न्यायची. बॅटरीत घातलेला पैसा त्यामुळे वाया जात नाही, तीच गाडी उद्या पूर्ण तारेखालीही चालते. हायड्रोजनच्या पंपाचं तसं नाही. तो मार्ग सोडला की पंपाचं करायचं काय?

तार नको तर तिसरा रूळ का नाही?

लिव्हरपूल आणि दक्षिण लंडनकडे रुळाशेजारी ७५० व्होल्टचा तिसरा रूळ आहे. पण जमिनीलगत उघडी वीज धोक्याची, म्हणून ब्रिटनची सुरक्षा यंत्रणा नव्या तिसऱ्या रुळाला सहसा तयार होत नाही. लिव्हरपूलजवळ कर्कबीच्या पुढे हेडबोल्ट लेन हे स्टेशन ऑक्टोबर २०२३ मध्ये उघडलं, तेव्हा पुढचा जेमतेम दीडेक किलोमीटर बॅटरीवर न्यायचं ठरलं.

पश्चिम लंडनमध्ये वेस्ट ईलिंग ते ग्रीनफर्ड या ४ किलोमीटरच्या शाखेवर आणखी वेगळा प्रयोग आहे. जुन्या लंडन अंडरग्राउंडच्या डब्यांत बॅटऱ्या बसवल्या आहेत. स्टेशनात रुळांच्या मध्ये चार्जिंगच्या पट्ट्या आहेत, आणि गाडी पूर्ण वर येऊन थांबल्याशिवाय त्यांत वीज सोडली जात नाही. साडेतीन मिनिटं, आणि निघाली.

बायोडिझेल, सीएनजी, हायब्रिड?

मधल्या काळाची मलमपट्टी. वापरलेल्या तेलापासूनचं डिझेल जुन्या इंजिनात चालतं, पण ते तेल पुरेसं मिळत नाही आणि विमानांनाही तेच हवंय. हायब्रिड गाडी जपानच्या कोउमी मार्गावर २००७ पासून आहे. ब्रेकची वीज साठवते, डिझेल थोडं वाचतं. आपल्याकडे २०१५ मध्ये रेवाडी–रोहतक मार्गावर डेमूत (डिझेलवरच्या लोकलसारख्या गाडीत) डिझेलसोबत सीएनजी वापरून पाहिला. तार आल्यावर या सगळ्याची गरज संपते.

मुंबईच्या लोकलला बॅटरी बसवून तार काढून टाकता येईल का?

नाही. आणि कुणी सुचवलं तर त्याला सकाळी साडेआठला डोंबिवलीला उभं करा.

माझा ढोबळ हिशोब सांगतो. भरलेली १२ डब्यांची लोकल, चर्चगेट ते विरार ६० किलोमीटर, दर दोन-तीन किलोमीटरला थांबा. एका फेरीला साधारण दोन हजार युनिट धरा. बॅटरी पूर्ण रिकामी करता येत नाही, म्हणून दुप्पट क्षमतेची लागणार. तिचं वजन चाळीसएक टन, म्हणजे एक अख्खा रिकामा डबा फुकट ओढायचा. त्यावर दर तीन मिनिटांनी गाडी आणि टर्मिनसला फलाटावर मिळतात मोजकी मिनिटं. तेवढ्यात हजारो युनिट भरायचे तर तिथे तारेपेक्षा मोठी यंत्रणा लागेल. दाट वाहतुकीला तारेला पर्याय नाही. टोरांटोच्या उपनगरी रेल्वेने २०१८ मध्ये हायड्रोजनचा सविस्तर अभ्यास केला आणि शेवटी कौल तारेलाच दिला.

भारतात मग हायड्रोजन गाडी कशासाठी?

रेल्वेने पहिला मार्ग निवडला तो हरियाणातला जींद–सोनिपत, ८९ किलोमीटर. जुन्या डेमूचं रूपांतर करून १० डब्यांची गाडी केली, दोन टोकांना १,२०० किलोवॅटचा एकेक पॉवर कार, म्हणजे गाडीला जोर देणारा डबा. पुढच्या टप्प्यात वारसा मार्गांसाठी ३५ गाड्यांची कल्पना मांडली गेली, एका गाडीला अंदाजे ८० कोटी. त्या यादीत नेरळ–माथेरानचंही नाव आहे.

माथेरानबद्दल माझं मन दोन्हीकडे आहे. दोन फुटी रूळ, तीव्र वळणं, झाडांत गुरफटलेला मार्ग, तिथे तार शोभणार नाही आणि डिझेलचा धूरही नको. पण तिथल्या चिमुकल्या इंजिनावर टाक्या ठेवायच्या कुठे? उतरताना ब्रेकची वीज परत घेणारी साधी बॅटरी त्या घाटाला जास्त जमेल, असं मला वाटतं.

बाकी देशात ब्रॉडगेजचे ९९ टक्क्यांहून जास्त मार्ग तारेखाली आले आहेत. आपला प्रश्न बहुतेक ठिकाणी तारेचा उरलेलाच नाही. पुणे–दौंडला तार आल्यावरही डोक्यावर वीज आणि खाली डिझेलची डेमू अशी कितीतरी काळ चालली. तिथे नवं तंत्रज्ञान नको होतं, रेक, म्हणजे विजेवरच्या गाड्या, हवे होते.

कुठेच हायड्रोजन नको, असं म्हणायचं आहे का?

तसंही नाही. कॅलिफोर्नियात सॅन बर्नार्डिनो ते रेडलँड्स या साडेचौदा किलोमीटरच्या मार्गावर सप्टेंबर २०२५ मध्ये हायड्रोजन गाडी सुरू झाली. याच गाडीने आधी चाचणीत एका टाकीवर २,८०३ किलोमीटर काढले होते. आता या दोन आकड्यांकडे पुन्हा बघा. जिची ताकद हजारो किलोमीटरची, तिला काम साडेचौदा किलोमीटरचं! जिथे शेकडो किलोमीटर तार नाही, वस्ती विरळ आहे, गाडी दिवसातून दोनदा जाते, तिथे हायड्रोजनचा विचार करावा. म्हणजे नेमकं जिथे लोकल नसते तिथे.

आमच्या शहरात नवी उपनगरी सेवा येणार आहे. काय विचारावं?

इंधनाबद्दल सगळ्यात शेवटी विचारा. आधी विचारा, तासाला गाड्या किती? सहा-आठच्या वर असतील तर तार. तारेपासून सगळ्यात लांबचं स्टेशन किती? तीस-चाळीस किलोमीटरच्या आत असेल तर बॅटरीने भागेल. शेवटच्या स्टेशनात गाडी किती मिनिटं थांबते? पाच मिनिटांत उलटी फिरत असेल आणि उशीर रोजचाच असेल, तर चार्जिंगची वेळ सगळ्यात आधी कापली जाईल आणि संध्याकाळी गाडी अर्ध्या बॅटरीवर सुटेल. पूल किती खाली आहेत? जवळच्या सबस्टेशनात वीज शिल्लक आहे का? आणि आठ-दहा वर्षांनी बॅटरी बदलण्याचे पैसे कुणाच्या खात्यातून, हे करारात लिहिलंय का? हा शेवटचा प्रश्न विचारला की सभेत थोडी शांतता पसरते.

प्रवाशाला फरक कळतो का?

डिझेलवरून आलेल्याला लगेच. स्टेशनात उभ्या गाडीत खिडकीची काच थरथरत नाही, सीटखालून घरघर येत नाही, फलाटावरचं बोलणं ऐकू येतं. तारेवरून बॅटरीवर जाताना मात्र काहीच कळत नाही. मुंबईत डीसी जाऊन एसी येत होतं त्या काळात मध्य रेल्वेवर एक वीज संपून दुसरी सुरू व्हायच्या जागी दिवे-पंखे बंद पडायचे, अख्खा डबा क्षणभर गप्प व्हायचा आणि मग पंख्यांची घरघर परत यायची. कार्डिफच्या गाडीत पुलाखालच्या बिनविजेच्या तारेखालून जाताना दिवाही मिचकत नाही.